ट्रॅक्टरचं तेल आन् आमची टर्बो गाडी

मंडळी, मी बोलते, नात टाइप करते.

लेकाला गाडीचं लई कौतुक. "आई, डिझेल इंजिन बारकं, पण टर्बोमुळं बैलजोडीगत ओढतंय!" आन् त्यात तेल घातलं ट्रॅक्टरच्या डब्यातलं.

आज खुटबावहून तळेगावला आजारी बहिणीकडं निघालो. राहू गावाच्या पुढं गाडीनं निळा धूर सोडला आन् बंद पडली.

मिस्त्री म्हणाला, "आजी, ट्रॅक्टरच्या तेलानं टर्बो गेला, इंजिनबी जाम. आता भंगारच."

म्हणलं, "माझं गुडघंबी गेलं, पण मला कुणी ट्रॅक्टरचं तेल पाजलं न्हवतं!"

त्याच गुडघ्यांनी रस्त्यावरच्या प्रवासी जीपची उंच पायरी चढवत न्हाई. बहिणीला फोन केला. म्हणाली, "आज सगळी आठवत्यात गं. उद्या तुला वळखीन का, न्हाई सांगता येत."

दिवस मावळाय आलाय. तुमच्यातलं कुणी बारकी गाडी घिऊन तळेगावकडं चाललंय का?