योग्य प्रथिन, चुकीची जागा

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून मुतखडे व्हायचे. नवेगाव बांध इथं तलावाच्या काठीच आमचं घर. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "तलावाकाठी राह्यते, न पोरीले पानी पाजाची अक्कल नाही." ऐकणारे हसायचे. माय मात्र दिवसभर तांब्या घेऊन बहिणीच्या मागे फिरायची. पालक, टमाटर तिनं घरात आणणंच सोडलं होतं. गोंदियाचे डॉक्टर दरवेळी म्हणायचे, "पानी पिलाओ, और क्या."

अकराव्या वर्षी बहिणीची दोन्ही मूत्रपिंडं गेली, आणि मग तीही. मातीला आलेल्यांपुढेसुद्धा आत्या तेच बोलली.

२००८ साली मी गोंदियाला एम.एस्सी. करत होते. एका तासाला मॅडमनी शिकवलं, की एकाच जनुकापासून एका प्रथिनाची दोन रूपं बनू शकतात. टोकाला छोटा तुकडा जास्तीचा असला की ते पेशीच्या एका कप्प्यात जातं, नसला की दुसऱ्या. मग उदाहरण आलं. यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम; माणसात त्याची जागा पेरॉक्सिझोम नावाच्या कप्प्यात. काही मुलांमध्ये जनुकातल्या बारीकशा बदलामुळे ते मायटोकॉन्ड्रियात, दुसऱ्याच कप्प्यात जातं. विकर धडधाकट असतं, पण तिथं त्याचा उपयोग नसतो. ज्याचे खडे बनतात ते ऑक्झलेट साचतं. लहानपणीच मुतखडे होतात, मूत्रपिंडं जातात.

पुढचं मी लिहून घेतलं नाही.

बहिणीची तपासणी कधी झाली नव्हती, त्यामुळे खात्री कशी देणार? तरी घरी जाऊन मायला सगळं सांगितलं. "तुज्या पाण्यानं ती चार दिवस जास्त जगली असंल, माय."

माय मग म्हणाली, "पुस्तकात होतं, तं डॉक्टरले काऊन नाही मालूम?"

मी उठले. रागारागात तशीच आत्याकडे गेले आणि तिलाही तेच सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे रक्तातच खोट होती. तुज्या मायच्या."

"दोघांकडून यावं लागते, आत्या. तुज्या भावाकडूनबी."

ती उठून आत निघून गेली.

मायला कळलं तेव्हा ती माझ्यावरच चिडली. "कायले सांगतलीस? आता तुज्या लग्नात हेच काढतीन."

पुढच्या वर्षी गोरेगावचं स्थळ आलं. पसंती झाली, आणि आठवड्याभरात निरोप आला: तुमच्या घराण्यात किडनीचा रोग आहे म्हणतात. कोण म्हणतं, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.