परत आलेला द्रोण

शेजारच्या मावशींना आज सकाळी नव्या तांदळाचा भात वाटीभर दिला, आणि त्या वाफेच्या वासानं मी जामसरजवळच्या आमच्या पाड्यावर जाऊन पोचले.

जव्हारला तेव्हा राजाचं राज्य होतं. बा येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागला होता, तरी आयनं गावदेवीचा वाटा चुकवला नव्हता. देवीला दिल्याशिवाय नवा तांदूळ कुणी तोंडात घालत नसे. घराघरातून पानाच्या द्रोणात तांदूळ जाई, तसा आमचाही गेला. संध्याकाळी बाचा सख्खा थोरला भाऊ तोच द्रोण घेऊन दारात उभा राहिला.

"देवीला तुमचा दाणा नको."

आय म्हणाली, "भावजी, पोरीनं हातानं कांडलाय."

"पोरीच्या हाताला काय झालंय? डोकं तुझ्या नवऱ्याचं फिरलंय!" द्रोण उंबऱ्याबाहेर ठेवून तो गेला. बाच्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

मला मात्र आनंद झाला. "आय, आता हा आपणच खाऊ!" आयनं तो शिजवून मला वाढला, स्वतः शिवली नाही. मी बोटं चाटली. सकाळी विहिरीवर आमचा हंडा कुणी भरू दिला नाही. चौथ्या दिवशी आम्ही पाडा सोडला, माझी शाळा दुसरीतच सुटली. पाड्यानं आम्हाला तोडल्याची खूण मी चवीनं खाल्ली होती, हे कितीतरी वर्षांनी कळलं.

या परक्या गावानं आसरा दिला, ते उपकार फिटायचे नाहीत. तरी आज संध्याकाळी दारावर थाप पडली, तेव्हा कडीला हात लावून मी थांबले. मावशी वाटी घेऊन उभ्या होत्या. मी आधी वाटीत बघितलं.

भात नव्हता. गूळ होता.