कुरणखेडजवळ बोललेली मावशी

भुताखेतांच्या गोष्टी मी चहासोबत मजा म्हणून ऐकल्या, खऱ्या कधी मानल्या नाहीत. आमच्या घरात वारशानं आलं ते बाबासाहेबांचा फोटो, पुस्तकांचं कपाट आणि प्रत्येक गोष्टीवर "कशावरून?" असं विचारायची सवय. त्यात मी पाटबंधारे खात्यात आरेखक. नकाशावर रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी मला चैन पडत नाही. म्हणून हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण जे घडलं ते सकाळी नऊच्या लख्ख उन्हात, गाडीभर माणसांच्या देखत घडलं.

मी अमरावतीत राहते, ऑफिस अकोल्याला. एसटीनं रोजचं अप-डाऊन. त्या आठवड्यात दूरच्या एका मोठ्या शहरात बॉम्बस्फोट झाला होता. आमच्या गाडीत एरवी संत्र्याच्या भावापासून नव्या सुनेच्या भाजीपर्यंत सगळ्यावर चर्चा चालते, पण ते चार दिवस लोक एकमेकांच्या पिशव्यांकडेच बघत बसायचे. कंडक्टर दर स्टॉपवर ओरडायचा, "आपापल्या शिटाखाली पाहून घ्या जी! बेवारस काही दिसलं तं सांगा!"

माझ्या पलीकडच्या सीटवर अमरावतीपासून एक बाई बसली होती. मूर्तिजापूरला गाडी थांबली तशी ती उतरली. तिच्या जागी एक माणूस येऊन बसला — पस्तिशीचा, दाढीवाला, हातात पाने-पकडींची लहान पिशवी. दर्यापूरहून जीपनं आलो, असं तो कंडक्टरला तिकीट काढताना सांगत होता. हे सगळं मी पाहिलं होतं. पुढचं कळावं म्हणून मुद्दाम सांगतेय.

कुरणखेडच्या अलीकडे मागचे एक काका उठून उभे राहिले. "अरे, टिकटिक येऊन राहिली इथून!"

त्या माणसाच्या सीटखाली एक काळी बॅग होती. कान दिला तर खरंच... टिक, टिक, टिक.

मग काय विचारता! ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, आम्ही धडाधड उतरलो, चांगली शंभर पावलं लांब पळालो. कंडक्टर पोलिसांना फोन लावत होता. आणि चार-पाच जणांनी त्या दाढीवाल्याला घेरलं.

"बॅग कोनाची? बोल!"

"मेरी नहीं है भाई. मी तं आत्ताच चढलो मूर्तिजापूरले!"

"नाव काय तुहं?"

"शकील."

नाव ऐकल्यावर घोळका आणखी जवळ सरकला. एकानं त्याची कॉलर धरली. बॅग त्या उतरलेल्या बाईनंच सीटखाली सरकवली होती, हे मी पाहिलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण माझी जीभ उचललीच नाही. घाबरले होते मी, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सोड रे त्याले! त्यानं काय केलं?"

एक म्हातारी मावशी. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, चष्म्याच्या दांडीला लाल दोरा गुंडाळलेला. पायात चप्पल नाही. गाडीत मी तिला पाहिलं नव्हतं, पण त्या गोंधळात तेव्हा काही वाटलं नाही. ती सरळ घोळक्यात शिरली आणि कॉलर धरणाऱ्याच्या हातावर चापट मारली.

"टिकटिक करते ते माहं घड्याळ हाय. चावीचं. निळ्या टॉवेलात बांधेल हाय. वरतं डॉक्टरचा मोठा लिफाफा, अन् खाली डब्यात संत्र्याची बर्फी. डब्याले रबर लावेल हाय. माह्यापासून लपवून आनून राह्यली माही पोरगी, शुगर हाय ना मले!"

कोणीतरी हसलं. मावशीनं शकीलच्या पाठीवर हात ठेवला. "जाय बापा, घेऊन ये. मी म्हनून राह्यली ना."

कंडक्टर "अरे थांब, थांब" करेपर्यंत शकील गाडीत चढलासुद्धा. बॅग घेऊन उतरला तेव्हा त्याचा चेहरा घामानं निथळत होता. त्यानं आमच्या समोर चेन उघडली. लिफाफा. निळा टॉवेल. टॉवेलात पितळी घंट्यांचं जुनं गजराचं घड्याळ. आणि तळाशी रबर लावलेला डबा!

सगळे असे हसले म्हणून सांगू! कॉलर धरणाऱ्यानं शकीलचा हात हातात घेतला, "माफ करजो भाऊ." मलाही तेव्हाच कंठ फुटला. "मी पाहिलं होतं तुम्हाला चढताना, बोलायला हवं होतं," म्हणाले. तो म्हणाला, "जाने दो ताई, जान बची."

एवढ्यात मागून एक ऑटो भरधाव आला आणि त्यातून तीच बाई उतरली. "माही बॅग! मी बाथरूमले गेली अन् गाडी सुटली जी!" तिचं नाव सुषमा.

"काळजी नको," मी म्हटलं, "तुमच्या आईनं सांगितलं सगळं."

"माही आई?"

"ह्या काय..." मी वळले. मावशी नव्हती. गाडीत नाही, झाडाखाली नाही. दोन्ही बाजूंना सोयाबीनची गुडघाभर शेतं, लपायला जागाच नाही.

"माही आई अकोल्याले हाय, ताई. पायाले प्लास्टर हाय तिच्या. तिचाच एक्स-रे दाखवाले गेली होती मी काल अमरावतीले."

माझा विश्वास बसेना, तेव्हा तिनं तिथेच व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर खाट, प्लास्टरमधला पाय, आणि... हनुवटीवरचे तीन ठिपके. चष्म्याला लाल दोरा.

शकील ओरडलाच, "येच है! खाला येच है!"

"कोन वं हे लोकं?" मावशी वैतागल्या. सुषमानं घाईघाईत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बर्फी? कोनची बर्फी, सुषमे?"

सुषमाचा चेहरा बघण्यासारखा झाला. बर्फीबद्दल तिनं घरी कोणालाच सांगितलं नव्हतं!

पुढच्या रविवारी शकील आणि मी मावशींना भेटायला गेलो. गाडी थांबली त्या दिवशी सकाळी शेजारीण त्यांच्याजवळ बसून वाल सोलत होती. मावशी खाटेवरून हलल्या नाहीत, झोपल्याही नव्हत्या, असं तिनं छातीठोकपणे सांगितलं. मी खोदून खोदून विचारलं — काही स्वप्न, काही भास? मावशी म्हणाल्या, "काही नाई वं माय. मी तं वाल सोलत होती."

कंडक्टरला मी नंतरही गाठलं. म्हातारी त्यालाही आठवत होती, तिचं तिकीट फाडल्याचं मात्र आठवत नव्हतं. सगळ्यांना एकदमच भास झाला म्हणावं, तर बॅगेत काय आहे ते उघडायच्या आधी कोण बोललं? मी वहीवर मांडून पाहिलं, नवऱ्याशी भांडून पाहिलं. उत्तर नाही. आजही नाही.

निघताना शकील पाया पडायला वाकला तर मावशींनी त्याला अर्ध्यातच धरलं.

"माह्या कायले पाया पडतं, बापा? मी नव्हती तिथं," त्या म्हणाल्या. "पन असती ना, तं हेच म्हनली असती."