आत येतानाची झडती

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत अशी बोलवा होती, की तिसऱ्या मजल्यावरच्या धनराजकाकांच्या घरात घबाड आहे. नाहीतर नोटा छापायच्या प्रेसमधून रिटायर झालेला माणूस दारात उभा राहून दूधवाल्यापासून सख्ख्या साडूपर्यंत सगळ्यांचे खिसे कशाला चाचपेल?

घबाड वगैरे काही नाही. तसं असतं तर झडती बाहेर जाताना झाली असती. काका घ्यायचे ती आत येताना. निघताना तुम्ही त्यांचा टीव्ही काखोटीला मारला असता, तरी ते ‘सावकाश उतरा’ म्हणाले असते. ते शोधत होते बिस्किटं.

कारण शेवग्या. शेवग्या हा काकांचा डॅशहुंड. लांबीला बाकडं, पाय मात्र जेवायच्या पाटाचे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्याला जिना चढवेना, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टर योगिनीबाईंनी वजन केलं. साडेदहा किलो.

“दिवाळीपर्यंत नऊवर आणा,” बाई म्हणाल्या. “लांब पाठीची जात ही. भार वाढला की मणका सरकतो आणि मागचे पाय जातात.”

त्या दिवशी काका तासभर शेवग्याचे मागचे पाय हातात धरून बसले होते, असं संध्याकाकू सांगतात.

मग घराची शिस्त बदलली. उडी बंद म्हणून सोफ्याला प्लायवूडचा उतार आला. जिना बंद म्हणून तीन मजले कडेवर, तेही एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. ताटात उकडलेला दुधीभोपळा. आणि बत्तीस वर्षं रोज कामावरून सुटताना स्वतःची झडती दिलेल्या काकांना आता घ्यायची संधी मिळाली. भांडी घासायला येणाऱ्या धोंडाबाईंची पिशवीसुद्धा सुटली नाही.

“नोटा नाय आणल्या काका मी,” त्या म्हणाल्या. “भाकर हाय, भाकर.”

भाकरही जप्त झाली. जप्त माल फेकायचा नाही, ही काकांची प्रोसिजर. प्रत्येक वस्तू चिठ्ठीसकट स्टीलच्या डब्यात जायची: नाव, तारीख, माल. माझ्या नावाच्या सात चिठ्ठ्या होत्या. मला शेवग्याची दया येत होती, एवढाच माझा गुन्हा.

नागपंचमीला राजू किराणावाल्याच्या काट्यावर, द्राक्षांच्या क्रेटमध्ये बसवून शेवग्याला तोललं. दहा किलो आठशे. काका त्याला कडेवर घेऊन वर आले. दुसऱ्या दिवशी साडूला मोजेसुद्धा काढायला लावले आणि मग मला बोलावलं. पुराव्यानिशी माझा गुन्हा शाबीत करायचा होता. त्यांनी ओट्याखालच्या कप्प्यातून डबा ओढला. झाकण नुसतं ठेवलेलं. आत फक्त चिठ्ठ्या, त्याही कोपरे कुरतडलेल्या.

शेवग्या सोफ्याखाली शिरला. मावला तेवढा शिरला.

“अहो,” काकू म्हणाल्या, “पहारा दारावर, आणि कोठार त्याच्या तोंडासमोर?”

काका खाली बसले. मला हसू आवरेना, आणि त्याच भरात मी पैज लावली, की आता दिवाळीपर्यंत नऊ किलो होणं शक्यच नाही. हरलो, तर महिनाभर सकाळ-संध्याकाळ शेवग्याला मी वाहीन. काकांनी ती पैजसुद्धा चिठ्ठीवर लिहून घेतली.

धनत्रयोदशीला क्रेट पुन्हा काट्यावर चढला. आठ किलो नऊशे. शेवग्याने क्रेटमधून उडी मारायचा बेत केला, तो तिघांनी मिळून हाणून पाडला. आनंदाच्या भरात काका स्वतः काट्यावर उभे राहिले आणि लगेच उतरले. पण राजूने आकडा वाचला होता. नेहमीपेक्षा चार किलो जास्त. जप्त माल नागपंचमीपासून रोजच्या रोज काकांच्या चहाबरोबर संपत होता.

आज माझा अकरावा दिवस. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, तीन मजले. वर पोचलो की काका दारात उभे.

“आधी हात वर,” ते म्हणतात.