कार्डाचा दुसरा आवाज

आमच्या अकोटच्या घराला लागून जैनुद्दीनभाईंचं घर. घड्याळं दुरुस्त करणं हा त्यांचा बापापासूनचा धंदा. कापूस पडेल भावानं जाऊ लागला, जिनिंगं बंद पडली, तशी त्यांची गिऱ्हाइकंही आटली. बंद पडलेलं घड्याळ लोक तसंच भिंतीवर राहू देत.

त्या साली त्यांच्या मुलीला, नगमाला, मस्कतला मुलगा झाला. इकडं भाईंच्या बायकोची, हलीमाभाभीची, नजर साखरेच्या आजारानं रोज थोडी थोडी चालली होती. मला म्हणे, "वच्छलाताई, पोराले एकडाव हलताना पाह्यलं का मंग अल्लाची मर्जी."

म्हणून भाईंनी अमरावतीहून जुना लॅपटॉप आणला. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. इंटरनेटची वायर आमच्या घरून, तुळशीवरून, भिंतीपलीकडे टाकली. पण लॅपटॉपची वायर खुपसायची जागा मोडकी. म्हणून बाजूच्या फटीत एक चपटं कार्ड सरकवायचं आणि वायर त्यात खुपसायची. कार्ड ओळखलं की लॅपटॉप एकदा उंच वाजे, टूं. ते चालू झालं तर पुन्हा उंच. नाही तर दुसरा आवाज खालचा, रडका. आमच्या नशिबी तो रडकाच.

भाई डोळ्याला भिंग लावून पडद्यावरच्या ओळी वाचत, कुठं एखादा शब्द बदलत, लॅपटॉप बंद करत, कार्ड घालत आणि पुन्हा सुरू करत. माझ्या सांजवातीच्या वेळी भिंतीपलीकडून टूं ऐकू येई. देवापुढं हात जोडून मी दुसऱ्या उंच आवाजाची वाट पाहत असे.

"दरखेपेले बंद कावून करता, भाई?" मी एकदा विचारलं.

"चालू घड्याळात चिमटा घालते का कोणी? सेल काढल्याबिगर हात लावाचा नाही. अब्बानं कान पिळून शिकवलं."

"मंग बोलवा अब्बाले कबरीतून," खाटेवरून भाभी म्हणाली, "थेच लावतीन तुमचं कार्ड."

दिवाळीच्या आधी अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. मी सोबत होते. उजेड आणि अंधार, एवढंच कळेल आता, ते म्हणाले. परतताना भाभी एसटीच्या खिडकीशी बसली होती.

"पऱ्हाटी फुटली का व, ताई?"

दोन्ही बाजूंना कापसाची शेतं पांढरी झाली होती. "फुटली," मी म्हटलं.

घरी आल्यावर मी चहा ठेवला. भाईंनी सवयीनं लॅपटॉपचं बटण दाबलं. तो पुरता सुरू झाल्यावर त्यांचं लक्ष गेलं, कार्ड बाहेरच राहिलं होतं. त्यांचं कशातच मन नव्हतं. चालू लॅपटॉपमध्येच त्यांनी ते सरकवून दिलं.

टूं. आणि पुन्हा टूं. उंच.

भाभी खाटेवर उठून बसली. "लागलं व माय, लागलं!"

भाई नुसते कार्डाकडं बघत राहिले. "एवढंच होतं," म्हणाले. "चालू असताना घालाचं. एवढंच."

नगमा बाळंतीण, म्हणून आईच्या डोळ्यांचं तिला कळवलं नव्हतं. ती पडद्यावर आली. मांडीवर बाळ, मुठी हलवत होतं. भाभी हसली, पण आवाज येत होता त्या, बाजूला ठेवलेल्या स्पीकरकडं तोंड करून.

"अम्मी, उधर क्या देखरी? इधर देखो ना! देखो, जम्हाई लेरा!"

भाईंनी दोन बोटांनी भाभीची हनुवटी धरली, काटा बसवताना धरत तशी, आणि तिचा चेहरा हळूच पडद्याकडं वळवला.

"देखी, बेटा," भाभी म्हणाली. "तेरेच जैसी लेता."

सांजेला मी देवापुढं वात लावली. रोज मागत होते ते तर त्यानं दिलं होतं. हात जोडून तशीच उभी राहिले.