फोनच्या मागे बसलेलं घर

माझा धाकटा भाऊ लिफ्टचा मेकॅनिक. लहानपणापासून त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे महाकठीण काम. पण नोकरीत त्याला ओरडावंच लागे. हा वर मशीनच्या खोलीत, जोडीदार खाली लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात. वरून हाक द्यायची, "सोडू का?" खालून "सोड!" असं आलं की मगच लिफ्ट हलवायची.

एका दुपारी लिफ्ट खाली आली आणि जोडीदार गेला. चौकशीत सगळं खापर ब्रेकवर फुटलं. धाकटा घरी बसला. जिन्यात कुणी मोठ्याने हाक मारली तरी तो दार लावून घ्यायचा. कंपनीने ऑनलाइन समुपदेशन देऊ केलं. आठवड्यातून एकदा एक बाई फोनवर व्हिडिओ कॉल करून बोलणार, आणि त्या म्हणतील तेव्हाच हा कामावर जाणार.

घरच्यांना ते पसंत नव्हतं. "भलतंसलतं बोलून बसशील आणि वेड्याचा शिक्का बसेल," आई म्हणाली. नोकरी गेली तर खायचं काय, ही दादाची काळजी, आणि ती खोटी नव्हती. घरात नेट होतं ते दादाच्या फोनच्या हॉटस्पॉटचं, म्हणून मतही दादाचंच चालायचं.

पहिल्या दिवशी वहिनीने धाकट्याचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. डब्याच्या मागे, पलंगावर, आई, दादा आणि वहिनी ओळीने बसले. मी दारात. बाईंनी विचारलं, "आवाज येतोय ना माझा? खोलीत एकटेच आहात ना?"

"हो, एकटाच."

मला आधी हसू आलं आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. बाई विचारायच्या, झोप लागते का? हा डब्यावरून आईकडे बघायचा. आई मान डोलवायची. "चांगली लागते." जेवण जातं का? "दोन घास जास्तच." एकदा तो म्हणाला, "त्या दिवशी मी वर होतो, आणि..." दादाने खिशात हात घातला, नेट बंद केलं. "रेंज गेली म्हणून सांग," म्हणाला. मी भांडले. "तुझं घर वेगळं, तुला बोलायला काय जातंय?" आईने मला गप्प केलं. माहेरी लेकीचं तोंड असं झटक्यात बंद होतं.

शेवटच्या भेटीच्या आदल्या दिवशी धाकटा माझ्याकडे आला.

"ताई, ब्रेक चांगला होता."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"बाईंना सांगायचंय. ह्यांना तेवढं बाहेर ने."

दुसऱ्या दिवशी बाई फोनवर दिसताच मी तिघांना अक्षरशः बाहेर हाकललं. बाजारात नेलं, आईला चपला दाखवल्या, वहिनीला पातेली. दादाची कुरकुर चालूच. शेवटी अर्ध्या वाटेतूनच तो मागे फिरला, त्याच्यामागे आम्ही.

दार उघडलं तेव्हा धाकटा डब्यासमोर बसला होता, ओल्या चेहऱ्याने. बाईंचं चित्र तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजलेलं. दादाने उंबरा ओलांडला आणि त्या हलल्या.

"माफ करा, मघापासून सगळं तुटलं होतं. आवाज येतोय का? काय सांगत होता तुम्ही?"

नेट दादाच्या खिशात आमच्याबरोबर बाजार हिंडत होतं. घर रिकामं करायला निघालेल्या मला शहाणीला ते सुचलं नाही.

धाकट्याने मान वर केली. आम्ही चौघं दारात. आईने मान डोलवली.

"काही नाही," तो म्हणाला. "झोप चांगली लागते."

नंतर जिन्यात मी म्हटलं, "पुन्हा सांग की त्यांना. मी लावते फोन."

"सगळं सांगितलं ताई. मी हाक दिली आणि उत्तराला थांबलो नाही. रोजचंच होतं ना, सोड म्हणणारच, असं वाटलं. रडलो पण. मग बघतो तर बाई तशाच." तो कठड्याला धरून उभा राहिला. "ह्या वेळीही मी आधी विचारलं नाही, कुणी ऐकतंय का म्हणून. आता नाही निघत ते तोंडातून."

पुढच्या आठवड्यात तो कामावर रुजू झाला. नवा जोडीदार तक्रार करतो, म्हणे हा चारचारदा "सोडू का?" विचारतो, उत्तर आलं तरी बटण दाबत नाही.

दादा मात्र चारचौघांत सांगतो, "माझ्या नेटवर बरा झाला." धाकटा शेजारीच असतो. तो मान डोलवतो, अगदी आईसारखी.