न ऐकता म्हटलेलं आमेन

माझी वहिनी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आमच्याच रस्त्यावर आहे. पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढतात आणि मागच्या खोलीत मी बसवते, असं ती स्वतःच सांगते. मागची खोली म्हणजे एक लांब टेबल, नळ, प्लास्टरची पोती, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे. नवीन माणूस आत आला की दचकतो. वहिनीला त्याचं काही नाही. तिला माणसं चेहऱ्यानं कमी आणि तोंडानं जास्त लक्षात राहतात. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कुणी गाताना दिसलं की ही माझ्या कानाशी लागते, "बघ, पुढचे वरचे जरा लांबच झालेत. मी सांगत होते, पण बाईंना तरुणपणीचे हवे होते." आमच्या मंडळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची गाणी वहिनीच्या दातांतून निघतात. सगळे तिला कवळीवहिनीच म्हणतात, तोंडावरसुद्धा.

मी दादाकडेच राहते, त्यामुळे ती लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला जवळून पाहतेय. आपल्या जागेवर इतकं खूश असलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख तिनं कधीच आवरून ठेवून दिलं. सकाळी समोरच्या बेकरीतून पाव आणायचा, बेकरीवालीशी चार गोष्टी बोलायच्या, मग दवाखाना. संध्याकाळी नाजूक काम राहिलं असेल तर ते घरी आणायचं. स्पिरिटचा छोटा दिवा पेटवायचा, मेण मऊ करायचं आणि त्यात एकेक दात बसवत राहायचं. अशा वेळी तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. हो हो करते, पण तिच्या कानावर काही पडत नाही.

दादा इस्पितळात वायरमन आहे. लहानपणी आमच्या मंडळीत एक म्हातारे मिशनरी येऊन गेले होते. त्यांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. आई म्हणायची, तो हात अजून याच्या डोक्यावरून उतरलेला नाही. परदेशी जायचं, पूर्ण वेळ देवाचं काम करायचं, हे त्याच्या मनात तेव्हापासूनचं. बोलायचा कमी, पण प्रार्थनेत यायचं.

दादाची प्रार्थना लांबलचक असते. जगातली सगळी बातमी देवाला यानंच कळवायची आहे असं वाटतं. आमच्या घरात संध्याकाळी तो प्रार्थना करतो, शेवटाकडे त्याचा आवाज खाली आला की वहिनी आमेन म्हणते. इतक्या वर्षांची सवय. हातात कणीक असो, इस्त्री असो, आवाज उतरला की आमेन.

त्या संध्याकाळी मी घरी नव्हते. काय झालं ते दोघांनी मला नंतर वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. समुद्रापलीकडच्या एका थंड देशातल्या मिशनच्या इस्पितळाला एक जोडपं हवं होतं. नवरा यंत्रं आणि वायरिंग बघणारा, आणि बायको दवाखान्यात काम केलेली. दातांचं काम येत असेल तर सोन्याहून पिवळं. हे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दादाला दुपारी सांगितलं होतं. दादा घरी आला तेव्हा वहिनी मेणात पुढचे दात बसवत होती. तो तिच्यासमोर बसला, डोळे मिटले आणि देवाला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "प्रभू, आम्ही दोघंही जायला तयार आहोत." आवाज खाली आला. वहिनी म्हणाली, "आमेन." आणि दात एक केसभर डावीकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा चहा घेताना गुणगुणत होता. मला हसू आलं, कारण दादाला सूर नाही.

"काय झालंय यांना?" वहिनीनं विचारलं.

"अगं, काल तू आमेन म्हणालीस ना," दादा म्हणाला, "माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मला वाटत होतं तू नको म्हणशील."

मग त्यानं सगळं सांगितलं. वहिनी हातातलं फडकं तसंच धरून ऐकत राहिली. दादाचा चेहरा असा उजळलेला मी तरी त्याआधी पाहिला नव्हता. मग म्हणाली, "चहा गार होतोय."

तेव्हा "नाही" म्हणणं एका वाक्याचं काम होतं. पुढे ते रोज वाढत गेलं.

ही मिशनची संस्था नवरा-बायको दोघांना पाठवते, पण पाचारण दोघांना झालेलं असलं पाहिजे असा तिचा नियम आहे. पाचारण म्हणजे देवानं ज्याचं त्याचं नाव घेऊन मारलेली हाक. नवऱ्याच्या मागे फरफटत आलेली बायको चालत नाही. म्हणून संस्थेच्या समितीचे लोक आले तेव्हा त्यांनी दोघांना वेगवेगळं बसवलं. दादा बाहेर आला तो हसत. मग वहिनी आत गेली.

"तुम्हाला पाचारण कधी झालं?" त्यांनी विचारलं.

वहिनीला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "मी काम करत होते. मेण तापत होतं. हे प्रार्थना करत होते, आणि मी आमेन म्हणाले."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण समितीतल्या बाईंचे डोळे भरून आले. शास्त्रातले कोळी येशूच्या हाकेला हातातली जाळी टाकून उठले होते, तशी ही बाई हातातल्या कामावरून उठली, असं त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी हीच गोष्ट उपदेशात सांगितली. मेण, दिवा, आमेन, सगळं. वहिनी माझ्या शेजारी बसली होती. ती रुमालाला गाठीवर गाठ मारत होती.

"काय गं?" मी हळूच विचारलं.

"पुढचे दात बरोबर बसलेत त्यांचे," ती पाळकसाहेबांकडे बघत म्हणाली. पण हे बोलताना ती हसली नाही.

त्या रात्री तिनं मला सगळं सांगितलं. म्हणाली, "काही कारण असतं तर बरं झालं असतं. म्हातारे आईबाप असते, दुखणं असतं. मला काहीच नाही. मला नुसतं जायचं नाही. मला माझी मागची खोली आवडते. हे कुणाला सांगायचं तोंड आहे का?"

"दादाला सांग," मी म्हणाले.

"सांगितलं तर ते जाणार नाहीत. एकट्याला पाठवत नाहीत. लहानपणापासून वाट बघतायत गं ते. आणि नाही सांगितलं तर देवापुढे जे मी म्हणाले ते खोटं. कुठूनही मीच वाईट."

लोक तर भेटवस्तू घेऊन यायला लागले. एका आजीनं लोकरीची टोपी विणून आणली आणि वहिनीच्या डोक्यावर घालून पाहिली. वहिनीनं आजीला वाकून नमस्कार केला आणि घरी येऊन टोपी कपाटात सगळ्यात मागे ठेवली. जेवेना, झोपेना. दवाखान्यात एका गृहस्थाची खालची कवळी वरच्याच्या साच्यावर बसवायला निघाली होती. डॉक्टर म्हणाले, "बाई, परदेशाचे वेध लागलेत वाटतं!" ती मान खाली घालून साचा बदलायला गेली.

इथवर त्याचा त्रास तिच्या एकटीच्याच जिवाला होता. कदाचित ती तशीच गेलीही असती, तोंड मिटून. पण देवळात दोघांना निरोप द्यायचा, तो पाठवणीचा रविवार जवळ आला असताना सकाळी ती पाव आणायला गेली आणि मी मागोमाग गेले. बेकरीवाली काउंटरच्या आतून धावत बाहेर आली आणि तिनं वहिनीला मिठीच मारली. अंगभर पीठ.

"अगं, तुला सांगायचंच होतं," बेकरीवाली म्हणाली. "आमच्या ह्यांचं कधीपासून चाललंय, आपण पण जाऊया म्हणून. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. म्हणायचे, मला नाही बाई ऐकू येत तुमच्या देवाची हाक, मला भट्टीचीच हाक ऐकू येते. पण देवळात पाळकसाहेबांच्या तोंडून तुझी साक्ष ऐकली आणि म्हटलं, कवळीवहिनीला मेणाच्या दिव्यापाशी हाक आली तर मला भट्टीपाशी का नाही येणार? परवा यांना हो म्हणून टाकलं. आमचाही अर्ज गेला."

वहिनी पाव न घेताच परत फिरली. रस्ता ओलांडताना मीच तिचा हात धरला, नाहीतर ती सायकलखाली आली असती.

दादा घरीच होता, ट्रंकेला कुलूप बसवत होता. वहिनी त्याच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात बोलली, "अहो, त्या दिवशी मी ऐकतच नव्हते. तुमचा आवाज खाली आला म्हणून आमेन म्हणाले. मला हाक आली नाही. मला जायचं नाही. मी सगळ्यांना फसवलं."

मला वाटलं दादा चिडेल. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "तू ऐकत नव्हतीस हे मला माहीत होतं."

"काय?"

"तू दात बसवत असताना ऐकत नाहीस. इतकी वर्षं बघतोय मी. म्हणून तर तेव्हाच म्हटली ती प्रार्थना." "तुला सरळ विचारायची माझी हिंमत नव्हती. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. देवाला विचारणं सोपं होतं, तो लगेच उत्तर देत नाही. तू आमेन म्हणालीस आणि मी ते उचललं."

वहिनी खाली बसली. दोघं ट्रंकेच्या दोन बाजूंना बसले होते. मी उठून चहा टाकला, आमच्या घरात काही सुचलं नाही की चहा होतो.

"रागव की," दादा म्हणाला.

"कशी रागवू? माझं तोंड आहे का?" वहिनी म्हणाली. "तिकडे बेकरीवाली माझ्यावर विसंबून निघालीय, तिचं काय?"

दोघं आधी पाळकसाहेबांकडे गेले. दादानं स्वतःची चूक आधी सांगितली, वहिनीनं स्वतःची. पाळकसाहेब म्हणाले, "न ऐकता आमेन म्हणणाऱ्यांना बाहेर काढायचं ठरवलं तर देऊळ ओस पडेल, आणि पहिला बाहेर मी." पण नियम तो नियम. त्यांनी समितीला कळवलं. पाठवणीचा रविवार रद्द झाला. मंडळीत कुणी टोचून बोललं नाही, पण कुणी नीट बोललंही नाही. टोपीवाली आजी म्हणाली, "असू दे गं, इकडेही थंडी पडते." ते तिनं मायेनंच म्हटलं, आणि वहिनीला तेच सगळ्यात जास्त लागलं.

बेकरीवालीकडे वहिनी पाळकसाहेबांना भेटून आली त्याच दुपारी गेली होती. मला बरोबर घेतलं. भट्टी विझलेली होती, बेकरीवाली पाव भाजायचे पत्रे घासत होती. वहिनीनं काही लपवलं नाही.

बेकरीवाली ऐकत ऐकत घासत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे ती साक्ष खरी नव्हती?"

"जे घडलं ते खरं होतं. तुम्ही सगळ्यांनी त्याचा जो अर्थ लावला तो खरा नव्हता. आणि मी तो लावू दिला."

"आधी नाही सांगवलं तुला?"

"नाही सांगवलं."

"आता मी काय करू?"

"तू पण सांग. अजून अर्जच गेलाय."

बेकरीवालीनं पत्रा बाजूला ठेवला. आतल्या खोलीतून तिच्या नवऱ्याचं शिट्टी वाजवणं ऐकू येत होतं. "ऐकतेस?" ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा शिट्टी वाजवतोय हा माणूस. तू तुझ्या नवऱ्याला सांगू शकलीस, कारण त्याच्याही मनाला खात होतं. माझ्याचं मन साफ आहे. त्यानं मला सरळ विचारलं, मी सरळ हो म्हटलं. आता कुठल्या तोंडानं?"

वहिनीनं पुन्हा पुन्हा सांगितलं. बेकरीवाली नुसती नाही म्हणून मान हलवत राहिली.

त्यांचा अर्ज मंजूर झाला. यंत्रं बघणारा नाही तर नाही, स्वयंपाकघर चालवणारं जोडपंही इस्पितळाला हवंच होतं. पाठवणीच्या दिवशी बेकरीवालीनं साक्ष दिली. छोटीशी, आणि तिनं भट्टीचं नाव घेतलं नाही. वहिनी पुढच्या बाकावर बसली होती. सगळे रडले, पण वहिनीचे डोळे कोरडे होते.

आता आम्ही पाव दुसऱ्या गल्लीतून आणतो. दादा वहिनीला सगळं विचारून करतो, इतकं की ती कधी कधी वैतागते. "भाजी कुठली आणायची तेही मीच सांगायचं का?" तिचं काम पूर्वीसारखंच चाललंय, पण काम करताना गाणं म्हणायची ते बंद झालंय. मी एकदा म्हटलं, "वहिनी, तू तर सगळं खरं सांगितलंस." ती म्हणाली, "सांगितलं, पण माझी सुटका झाल्यावर."

मागच्या महिन्यात फोन आला. तिकडून बेकरीवालीचा आवाज एकदम स्वच्छ, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा. थंडी फार आहे, पीठ लवकर फुगत नाही, लोक चांगले आहेत, असं बरंच बोलली. वहिनी हो हो करत होती. मग वहिनीनं विचारलं, "तू खुशीत आहेस ना?"

मी शेजारीच बसले होते, मला पलीकडचं ऐकू येत होतं.

"ते विचारू नकोस," बेकरीवाली म्हणाली. "तू विचारलंस तर मला खरं सांगावं लागेल, आणि हे इथेच बसलेत."

मग टोपीवाल्या आजी कशा आहेत ते तिनं विचारलं, वहिनीनं सांगितलं, आणि फोन संपला.

दादा दारात उभा होता. "काय म्हणाली?" त्यानं विचारलं. "बरी आहेत ना दोघं?"

वहिनीनं फोन ठेवला. "तो बरा आहे," ती म्हणाली.